बागा, विहिरी आणि आपल्या समाजाचा इतिहास
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



या मेळाव्यात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि पुढचे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी, पाढे आणि भूगोल शिकविण्यात गेले. परंतु भूगोल शिकविता शिकविता एक गोष्ट माझ्या मनावर ठसली. नकाशावर नदी दाखविता येते, डोंगर दाखविता येतो, गाव दाखविता येते. पण बांध कोणी घातला, झाड कोणी लावले, पाणी कोणाला मिळाले आणि कोणाला मिळाले नाही, हे नकाशा सांगत नाही. ते जमिनीकडेच पाहून वाचावे लागते. आज या वाचनाविषयी मला बोलावयाचे आहे.

हा विषय निवडण्यास एक निमित्तही घडले. आपल्या वसतिगृहामागील मोकळ्या जागेचा नवा आराखडा मंडळापुढे आला आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. त्या जागेत हिरवळ, कारंजे, फरशी घातलेल्या वाटा आणि मध्यभागी महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा योजिला आहे. आराखडा करणारा तरुण आपल्याच समाजातला, आणि सांगावयास अभिमान वाटतो की माझाच विद्यार्थी. त्याचे काम नेटके आहे. फक्त एक गोष्ट मला खटकली. त्या जागेतील जुनी मोटेची विहीर बुजवून तेथे मोटारगाड्या उभ्या करण्यास जागा करावी, असे त्यात आहे. त्या विहिरीविषयी मी शेवटी बोलेन. तत्पूर्वी आपणांस थोडे फिरवून आणावे लागेल.

मोकळ्या जागेची, झाडांची, पाण्याची आणि वाटांची योजना करण्याच्या विद्येला हल्ली लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात व ती महाविद्यालयांतून शिकविली जाते. आपण तिला उद्यानरचना म्हणू. नाव नवे असले तरी काम जुने आहे, आणि ते काम आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. आता कोणतीही बाग पाहा. तिला कुंपण असते, फाटक असते, बसावयाच्या जागा असतात आणि दर्शनी एक पाटी असते. कुंपण कोणाला बाहेर ठेवते, फाटक कोणासाठी उघडते, बसावयास कोणाला मिळते आणि पाटीवर नाव कोणाचे असते, एवढे चार प्रश्न विचारले की ती बाग आपला इतिहास सांगू लागते.

आपण पुण्यापासून आरंभ करू. पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडताना किती बागांची नावे कानांवर पडतात! तुळशीबाग, बेलबाग, विश्रामबाग, रमणबाग, मोतीबाग, नातूबाग, हिराबाग. आज तुळशीबागेत तुळशीचे बन नाही. तेथे राममंदिर आहे आणि भोवती भांडी, बांगड्या व संसारोपयोगी वस्तूंची दाटीवाटीची बाजारपेठ आहे. रमणबागेत शाळा भरते. झाडे गेली, माती दगडाखाली दडली, पण नावे राहिली. या नावांवरून त्या काळचे पुणे किती हिरवे होते याची कल्पना येते. तसेच कोण्या सरदाराची, कोण्या मुत्सद्द्याची, कोण्या घराण्याची बाग कोठे होती तेही कळते. कळत नाही ते एवढेच, की तेथे पहाटे उठून पाणी कोण घालीत होते.

पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचे पाणी अडवून मोठे तळे करविले. तळ्याच्या मध्यावर बेट राखून तेथे बाग केली; तीच सारसबाग. १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तेथे गणपतीची स्थापना झाली, म्हणून लोक आजही त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. पुढे तळे आटले, त्या जागी विसाव्या शतकात नगरपालिकेची विस्तीर्ण बाग झाली. आता तेथे तळे आहे ते नावात. याच नानासाहेबांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणले. वाटेत हवेसाठी बांधलेले दगडी उच्छ्वास आणि शहरातले हौद ही त्या योजनेची अंगे. शनिवारवाड्यातील कमळाकृती कारंजे पाहून आपण थक्क होतो. वाड्याची पायाभरणी १७३० सालची. १८२८ च्या आगीत आतील इमारती जळाल्या, आणि आज त्यांच्या जोत्यांभोवती हिरवळ राखलेली आहे. जेथे माणसे राहिली, भांडली, मसलती झाल्या, तेथे आता शांत हिरवे गवत दिसते. राज्य गेले की राज्याच्या जागेवर बाग करावयाची, ही रीत जगभर आहे. बाग डोळ्यांना सुख देते. पण कित्येकदा ती जुनी जखम झाकण्याचेही काम करते.

इंग्रजी अमदानीतही नाव देण्याची ही तऱ्हा बदलली नाही. मुंबईस भायखळ्याला १८६२ साली लोकांसाठी बाग खुली झाली, तिला व्हिक्टोरिया राणीचे नाव. स्वातंत्र्यानंतर तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देण्यात आले, ते उचितच झाले. लोकांच्या तोंडी मात्र ती आजही राणीची बाग. परक्या राणीचे नाव गेले, आपल्या मातेचे आले. दोन्ही नावांच्या काळांत गुडघे टेकून वाफे खुरपणाऱ्या हातांना मात्र पाटीवर जागा मिळाली नाही. मी ही तक्रार म्हणून सांगत नाही. माळ्याने नाव मागू नये, झाड जगवावे, असेच आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकविले. तरीही ज्या समाजाच्या हातून इतक्या बागा घडल्या, त्याचा इतिहास लिहावयास बसले असता कागद कोरा का राहतो, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता शहर सोडून थोडे साताऱ्याकडे जाऊ. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर म्हणून प्रसिद्ध अशी विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. अष्टकोनी घडीव दगडी बांधणी, खाली उतरण्यास प्रशस्त पायऱ्या आणि विहिरीच्या पोटातच एक छोटासा महाल. वरच्या बाजूस एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय. भोवतालच्या आमराईस पाणी देण्यासाठी ती बांधली, असे सांगतात. तेथे शिलालेख आहे आणि बांधविणाऱ्या वीरूबाईंचे नाव त्यामुळे आपणांस कळते. त्या थोर स्त्रीस माझे वंदन. परंतु बारा मोटांचे बैल हाकणारे बारा जण कोण होते? दगड फोडणारे पाथरवट कोण? माती उपसणारे वडार कोण? शिलालेख त्यांच्याविषयी मौन पाळतो.

येथे मला एक साधी गोष्ट आठवते. ज्यांनी जुन्या विहिरी पाहिल्या असतील, त्यांनी काठाच्या दगडावरून एकदा हात फिरवून पाहावा. वर्षानुवर्षे दोर घासून दगडात खोल गुळगुळीत चरे पडलेले असतात. सुताच्या वा अंबाडीच्या मऊ दोराने काळा पाषाण कापला जातो! एक दिवसात ते होत नाही. तीन-चार पिढ्या लागतात. बंधूंनो, हे चरे म्हणजे आपला शिलालेख. तो कोणी मुद्दाम कोरला नाही, त्यात कोणाचे नाव नाही, तो वाचावयास पंडित लागत नाही. बोट ठेवले की कळतो. तो पुसावयाचा तर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे विहीर बुजविणे.

आपल्या समाजाला दगडावर नाव मिळाले नाही, तरी दोन थोर पुरुषांच्या रूपाने मळ्याचा इतिहास लोकांच्या स्मरणात राहिला. पहिले संतशिरोमणी सावता महाराज. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील अरण हे त्यांचे गाव. मळ्यातील कामातच त्यांनी देव पाहिला, पंढरीची वाट धरली नाही. म्हणून देवच त्यांच्या भेटीस आला, अशी आपली श्रद्धा. शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीस ते समाधिस्थ झाले. आजही त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यासाठी पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. महाराष्ट्रातील साऱ्या पालख्यांच्या वाटा पंढरपुराकडे जातात. ही एक वाट पंढरपुराहून मळ्याकडे येते. या वाटेचा अर्थ उघड आहे. काम करणाराची जागा हीही तीर्थाचीच जागा, हे शेकडो वर्षे पायांनी चालून लोकांनी जमिनीवर लिहून ठेवले आहे.

दुसरे महात्मा जोतीराव. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यास आल्यावर फुलांचा धंदा चांगला चालला, पेशव्यांकडे फुले व फुलांची सजावट पुरविण्याचे काम मिळाले, ३५ एकर जमीन इनाम मिळाली, आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले, असे चरित्रकार लिहितात. मघाशी मी म्हणालो की पुण्याच्या बागांना माळ्याचे नाव नाही. ते खरे, पण त्याच बागांतील फुलांनी एका माळ्याच्या घराला नाव दिले आणि ते नाव राजांच्या नावांपेक्षा दूरवर गेले.

जोतीराव जमीन कशी वाचीत, याकडे आपले लक्ष कमी जाते. त्यांनी स्वतः मांजरीस शेती केली होती. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी डोंगर, कुरणे आणि पाणी यांचा विचार केला आहे. पावसाच्या पाण्याबरोबर पालापाचोळ्याचे सत्त्व वाहून जाते. ते शेतात मुरावे म्हणून ताली व बंधारे घालावेत, जागोजाग तलाव-तळी करावीत, आणि ही कामे सरकारने आपल्या रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावीत, असे त्यांनी सुचविले. जंगलखात्याने गावांची गायराने अडविल्यामुळे गरीब शेतकऱ्यांची गुरे कशी उपाशी मरतात, तेही सांगितले. उजाड डोंगर पाहून दुसऱ्यास उजाड डोंगर दिसला. जोतीरावांना त्यात कायदा दिसला, सारा दिसला, कारकून दिसला. जमीन वाचणे म्हणतात ते हे.

आणि त्यांचे सर्वांत मोठे उद्यानकर्म, मी तर त्यास तसेच म्हणतो, ते म्हणजे १८६८ साली आपल्या घराचा पाण्याचा हौद त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. त्यासाठी नवीन हौद बांधावा लागला नाही, झाड लावावे लागले नाही, दगड बसवावा लागला नाही. होती तीच जागा, होते तेच पाणी. पण त्या दिवसापासून ती जागा निराळी झाली. पुढे ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. तरी तळ्याचा काठ बंदच होता. कागदावरचा ठराव आणि काठावरची पायरी यांत केवढे अंतर असते! ते अंतर एका घरापुरते जोतीरावांनी १८६८ मध्येच तोडले होते.

जोतीरावांच्या देहान्तानंतरची हकीकतही जागेशी निगडित आहे. आपला देह दहन न करता मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे त्यांनी जागाही करून ठेविली होती. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. राहत्या वस्तीत देह पुरण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही, म्हणून दहन करावे लागले. नंतर अस्थी आणून त्या जागी ठेवण्यात आल्या. आज गंज पेठेत, म्हणजे महात्मा फुले पेठेत, त्या वाड्याच्या आवारात आपण तुळशीवृंदावनापाशी नतमस्तक होतो. समताभूमी हे त्या जागेचे नाव. एवढ्याशा अंगणात केवढा इतिहास सामावला आहे!

येथवर आपण आपल्या अभिमानाच्या गोष्टी ऐकल्या. आता एक गोष्ट लाजेची सांगतो. सांगताना माझी जीभ अडखळते, तरी शिक्षकाने अडचणीचा धडा गाळू नये.

मी आठ वर्षांचा असेन. आमच्या मळ्यात तेव्हा मोट चालत असे. इंजिन पुढे दोन-तीन वर्षांनी आले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा मोट हाकीत आणि मी पाटाचे दारे धरीत असे. मळ्यातील घराच्या भिंतीवर जोतीरावांची तसबीर होती. तिला आमच्याच शेवंतीचा हार आठवड्यातून एकदा पडत असे. मळ्यावर खुरपणीस वेशीबाहेरच्या वस्तीतील एक वृद्ध बाई येत. उन्हाने घसा सुकला की त्या थारोळ्यापासून दहा पावलांवर येऊन थांबत आणि मला म्हणत, ‘धाकलं मालक, पाणी वाढा.’ माझ्या आजीच्या वयाची ती बाई, आणि मी आठ वर्षांचा मालक! मी पाणी वाढीत असे. आमच्या घागरीचा काठ त्यांच्या भांड्याला लागू नये इतक्या उंचावरून ओतावयाचे, असे मला शिकविलेले होते. उंचावरून ओतल्यामुळे निम्मे पाणी जमिनीवर सांडे. सांडलेल्या पाण्याचे कोणासच वाईट वाटत नसे, कारण ते पाटातच जाई.

कित्येक वर्षांनी, वर्गात १८६८ सालच्या त्या हौदाचा धडा शिकविताना, खडू हातात असताना मला ते सांडलेले पाणी आठवले आणि पुढचे वाक्य बोलता आले नाही. भिंतीवर तसबीर होती, हार होता, आणि विहीर मात्र १८६८ च्या आधीची राहिली होती. माझे अण्णा दुष्ट नव्हते. ते कष्टाळू, धर्मभीरू आणि दारी आलेल्याला जेवू घालणारे होते. म्हणूनच मी म्हणतो की माणसाचे मन आणि माणसाची विहीर या दोहोंतून खरा इतिहास वाचावयाचा झाला, तर विहिरीवर अधिक विश्वास ठेवावा.

हीच तपासणी आपल्या वैभवाच्या जागांनाही लावावी. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाल्यावर सासवडकडील आपले कितीएक बांधव कऱ्हाकाठचे मळे सोडून कालव्याच्या मुलखात गेले. प्रथम बारामतीकडे, पुढे गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांवर, पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. जिराईत माळावर त्यांनी ऊस उभा केला. पुढे माळशिरस तालुक्यात १९३२ मध्ये त्यांनी सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापिली आणि त्या जागेस नाव पडले माळीनगर. पुण्याच्या एकाही बागेला जे नाव मिळाले नव्हते, ते एका गावाला मिळाले! शेतकऱ्यांनी आपल्या भांडवलावर उभारलेला कारखाना ही त्या काळी केवढी धाडसाची गोष्ट होती, हे आपण नातवंडांना सांगितले पाहिजे. त्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की कालव्याच्या मुलखात अति पाण्याने कित्येक जमिनी खारावल्या, पांढऱ्या पडल्या. आणि दरवर्षी हंगामात बीडकडून व इतर दुष्काळी भागांतून ऊसतोडीस जी कुटुंबे येतात, त्यांच्या पाचटाच्या कोप्या हंगाम सरला की जमिनीवरून नाहीशा होतात; त्या कोप्यांची खूण कोठेच राहत नाही. एकेकाळी आपण ज्यांच्या बागांत बिननावाचे होतो, त्यांच्याच जागी आता आपण आहोत आणि आपल्या फडात दुसरे कोणी बिननावाचे आहेत.

१९७२ चा दुष्काळ येथील अनेकांनी पाहिला आहे. त्या वर्षी लाखो स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडावयास गेले. त्यांच्या हातून पाझर तलाव झाले, रस्ते झाले, नालाबांध झाले. मुले सुकडी खाऊन जगली. आज त्या पाझर तलावाच्या काठी आपण सहलीस जातो, पाणपक्षी पाहतो आणि म्हणतो, काय रम्य स्थळ! त्या रम्य स्थळाचा बांध भुकेने घातला आहे, हे सांगणारा दगड तेथे मला तरी कोठे दिसला नाही. आणखी वीस वर्षांनी ते सांगणारे माणूसही राहणार नाही.

ही विस्मृती आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या मध्यभागी सेंट्रल पार्क नावाची जगप्रसिद्ध बाग आहे. ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांनी तिची रचना केली. उद्यानरचनेचे विद्यार्थी तिचा नमुना म्हणून अभ्यास करतात. परंतु ती बाग होण्यापूर्वी त्या जागेच्या एका भागात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८२५ पासून तेथे मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांनी जमिनी विकत घेऊन घरे बांधली होती. सुमारे २२५ माणसे, चर्चमंदिरे, शाळा, दफनभूमी असे ते नांदते गाव होते. १८५७ पर्यंत सरकारी हुकुमाने ते उठविण्यात आले, आणि त्या जागी वाटा व हिरवळी झाल्या. शंभराहून अधिक वर्षे लोक त्या हिरवळीवर बसून फराळ करीत राहिले. खाली गाव आहे हे बहुतेकांस ठाऊकच नव्हते. २०११ मध्ये तेथे उत्खनन झाले, आणि २०१९ मध्ये त्या वस्तीची माहिती देणारे फलक त्या बागेतच लावण्यात आले. बाग मोडली नाही, झाड तोडले नाही. फक्त खरे काय ते लिहून ठेविले. श्रीमंत आणि बलाढ्य शहरास जर असे फलक लावताना कमीपणा वाटला नाही, तर आपणांस का वाटावा?

आता मी आपल्या वसतिगृहामागील विहिरीकडे येतो.

ही जागा समाजास दान करणाऱ्या गृहस्थांचे नाव दर्शनी फरशीवर आहे. ते तसेच राहो. पण त्या विहिरीस अद्याप थारोळे आहे, बैलांची धाव आहे, काठावर दोरांचे चरे आहेत. मी परवा जाऊन हात फिरविला. एका चऱ्यात माझे अंगठ्याजवळचे बोट पूर्ण मावले. आणि विहिरीच्या पश्चिमेस, काठापासून थोडी दूर, एक खोलगट दगडी डोणी आहे. ती गुरांसाठी होती असे आपण मुलांना सांगतो. येथे बसलेल्या वृद्धांना विचारा. त्या डोणीत पाणी ओतले जाई आणि तेथून ते कोणी भरून नेई, हे त्यांना ठाऊक आहे.

माझ्या सूचना चारच आहेत. पहिली, विहीर बुजवू नये. ती उपसावी, वर भक्कम लोखंडी जाळी बसवावी, म्हणजे मुलांना धोका राहणार नाही. गाड्यांची अडचण खरी आहे. त्यासाठी रस्त्याकडील बाजूस जागा काढता येईल, आणि आमचा तो तरुण बुद्धिमान आहे, तो काढील. दुसरी, हिरवळीचा हट्ट सोडून तेथे वाफे करावेत. शेवंती, झेंडू, तुळस, वांगी, मेथी असे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या लावले तेच लावावे, आणि वसतिगृहातील मुलांनी ते जोपासावे. आपली कित्येक मुले आज खुरप्याला हात लावीत नाहीत. परीक्षेत पहिली येतात, पण आळे कसे करावे हे त्यांना माहीत नाही. तिसरी, विहिरीपाशी एक दगड बसवावा आणि त्यावर मोट हाकणारे, विहीर खोदणारे वडार, दगड घडविणारे पाथरवट आणि खुरपणाऱ्या स्त्रिया यांची, ज्यांची नावे आठवतील त्यांची, नावे कोरावीत.

चौथी सूचना कठीण आहे. त्याच दगडावर, त्या पश्चिमेच्या डोणीविषयी जे खरे आहे ते चार ओळींत लिहावे. तिच्याशेजारी पिण्याच्या पाण्याचा नळ बसवावा आणि आवाराचे ते फाटक दिवसभर उघडे ठेवावे, येणाऱ्याची जात न विचारता. मला कल्पना आहे की काही जण म्हणतील, गुरुजी, कशाला जुनी घाण उकरता? स्मरणिकेत, समारंभात समाजाच्या उणिवा कशाला? बंधूंनो, आपण माळी आहोत. कुजलेले उकरून त्याचे खत करणे हा तर आपला धंदा! झाकून ठेवलेले कुजते. मातीत मिसळून वर आणले तर त्यावर फूल येते.

पुतळ्यास माझा विरोध नाही. पुतळा अवश्य व्हावा. परंतु विहीर बुजवून तिच्यावर गाड्या उभ्या केल्या आणि शेजारी जोतीरावांचा पुतळा उभारला, तर तो पुतळा कोणत्या दिशेस तोंड करून उभा करावयाचा, हा प्रश्न मला पडला आहे. ज्याने आपला हौद खुला केला, त्याच्या पाठीमागे बुजविलेली विहीर असावी, हे मला तरी योग्य वाटत नाही. विहीर राखा, तिचे पाणी खुले करा, आणि मग पुतळ्याचे तोंड तिच्याकडे करा.

त्या वृद्ध बाईंचे नाव मी कधी विचारले नाही. त्या गेल्यालाही आता फार वर्षे झाली. त्यांचे नाव त्या दगडावर मला घालता येणार नाही, ही माझी उणीव मी आपणांसमोर मान्य करतो. आपल्यापैकी ज्यांना अशी नावे ठाऊक असतील त्यांनी ती कार्यालयात लिहून द्यावीत. आठवणारी माणसे आहेत तोवर हे काम उरकले पाहिजे.

 काही अधिकउणे बोलून गेलो असेन तर वयाकडे पाहून क्षमा करावी. आराखड्यावरील अखेरचा निर्णय सर्वसाधारण सभेने घ्यावयाचा आहे. त्यापूर्वी प्रत्येकाने एकदा वसतिगृहामागे जाऊन विहिरीच्या काठावरून हात फिरवून यावे, एवढी माझी विनंती आहे.

जय ज्योती, जय क्रांती.